सांगलीत नव्या आर्किटेक्टला बंगल्यांपलीकडे, शहररचनेचं काम मिळतं का?

मिळतं, पण सुरुवात बहुधा बंगल्यानेच होते. त्यात कमीपणा मानू नका. सांगलीत घर आखायचं म्हणजे आधी कृष्णेचा हिशेब. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. म्हणून गावभागाकडचं, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीतलं घर असेल तर तळमजल्यावर फक्त पार्किंग, विजेचं मीटर उंचावर, देवघर आणि धान्य पहिल्या मजल्यावर. (आजी जिना कशी चढणार, तेही बघा!) हीच समज पुढे घाट, मंडई, नाल्याकाठच्या मोकळ्या जागा अशा कामांत उपयोगी पडते. पोर्टफोलिओत दहा देखणे थ्रीडी लावण्यापेक्षा एकाच गल्लीचा पूररेषेसकट नीट काढलेला नकाशा लावा. आणि हो, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी झाल्याशिवाय पाटीवर 'आर्किटेक्ट' लिहू नका. १९७२चा कायदा आहे.