फोन वाजला की धडधडतं, आयटी सपोर्ट मला जमेल का?

"मॅडम, मला काहीच येत नाही आणि हे एक दिवस सगळ्यांना कळणार." नवीन नोकरीला लागलेली मुलं माझ्याकडे आली की या ना त्या शब्दांत हे म्हणतातच, पण आयटी सपोर्टच्या ट्रेनींकडून जरा जास्त ऐकू येतं. साहजिक आहे, शिकता शिकताच कानाला हेडसेट लागतो आणि पलीकडचा माणूस काम अडल्यामुळे आधीच वैतागलेला असतो.

ही केस अशाच एका मुलीची, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. कोर्स व्यवस्थित केलेला, हेल्पडेस्कला एल-वन, म्हणजे युजरचा फोन आधी घेणाऱ्या पहिल्या फळीतली, ट्रेनी. सुट्टी संपत आली की पोटात गोळा, आणि डोक्यात एकच, शेजारचा मुलगा पटापट तिकिटं (युजरच्या तक्रारींच्या नोंदी) बंद करतो मग मलाच का जमत नाही.

मी म्हटलं, कालचा एक कॉल सांग, अगदी पहिल्यापासून. तर एका युजरचं अकाउंट सारखं लॉक होत होतं, ही अनलॉक करून द्यायची, थोड्या वेळाने त्याचा परत फोन, ही परत अनलॉक करायची आणि दरवेळी नवीन तिकीट उघडून "रिझॉल्व्ड" लिहून बंद. सिनियरला विचारलंच नाही. का गं? तर म्हणे, "एवढं साधं पण येत नाही म्हणतील."

गोम इथेच होती. कॉम्प्युटरला ती घाबरत नव्हतीच, "मला माहीत नाही" म्हणायला घाबरत होती. आणि ते झाकायचं म्हणून तिकिटात धड काही लिहायची नाही, त्यामुळे हा एकच प्रॉब्लेम परत परत येतोय हे वरच्या टीमला कळणार तरी कसं? एल-वनचं कामच मुळी नीट विचारणं, नीट लिहिणं आणि वेळेत पुढे देणं आहे, एस्कलेशन म्हणजे प्रश्न वरच्या टीमकडे देणं, नापास होणं नाही, हे तिला कोर्समध्ये शिकवलंही होतं पण भीतीपुढे ते आठवत नव्हतं.

मग आम्ही ते वाक्य चक्क मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस केली, मी चिडलेली युजर झाले. "याचं कारण मला आत्ता सांगता येत नाहीये, पण मी जे तपासलं ते लिहून पुढच्या टीमला देतेय आणि चार वाजता तुम्हाला फोन करते." सुरुवातीला आवाज खाली जायचा, वाक्यात उगाच सॉरी घुसायचं, ते काढलं. आणि चारला काही कळलेलं नसलं तरी फोन करायचाच, कारण युजर उत्तर नसण्यापेक्षा ताटकळत ठेवण्यावर जास्त चिडतो.

दुसरं, तिकिटात कधीपासून, त्याआधी काय बदललं, मी काय केलं, त्याने काय झालं एवढं लिहायचंच. यातला "काय बदललं" हा प्रश्न फार कामाचा. त्या युजरने नुकताच पासवर्ड बदलला होता! हे लिहून तिने तिकीट पुढे पाठवलं, सिनियरने तिला शेजारी बसवून डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे ऑफिसातली लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये 4740 नंबरचा इव्हेंट दाखवला, अकाउंट कुठल्या मशीनवरून लॉक होतंय ते त्यात दिसतं. नाव निघालं मेल सर्व्हरचं, युजरच्या लॅपटॉपचं नाही, आणि मग लक्षात आलं की त्याच्या मोबाईलमधल्या ऑफिस मेलला जुनाच पासवर्ड सेव्ह होता, फोन आपला गुपचूप तोच पाठवत राहायचा आणि अकाउंट लॉक. मला हे सांगताना तिचे डोळे चमकत होते.

त्या शेजारच्या मुलाचंही कळलं, तो बराच आधी लागलेला आणि कॉल चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये नॉलेज बेसमध्ये, म्हणजे आधीच्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवलेली असतात तिथे, शोधत असतो. पाठ कोणालाच नसतं. माझं तर स्पष्ट मत आहे की ट्रेनीला आधी काही दिवस जुन्या माणसाचे कॉल ऐकायला बसवायलाच हवं, नसतील बसवत तर आपणहून मागून घ्या.

आता "नोकरी सोडू का" विचारणाऱ्यांसाठी. नवेपणाची धडधड कामाची सवय होईल तशी कमी होत जाते. पण ती वाढतच चालली असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरला वेळेत भेटा, अंगावर काढू नका. आणि प्रश्न विचारला म्हणून टीम लीड सगळ्यांसमोर पाणउतारा करत असेल तर तिथे तुमचं काही कमी नाहीये, कधी काय बोलले त्याची नोंद ठेवा, त्याच्या वरच्यांशी किंवा एचआरशी बोला, तरी फरक पडला नाही तर खुशाल दुसरीकडे बघायला लागा.