अर्काने परजीवी मरतात, मग काढा का नको?

प्रश्न : एका औषधी वनस्पतीच्या अर्काने प्रयोगशाळेत मलेरियाचे परजीवी मरतात, असे वाचनात आले. मग त्या वनस्पतीचा काढा रुग्णाला द्यायला हरकत का घेतली जाते?

उत्तर : प्रयोगशाळेतील अर्क आणि घरचा काढा एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही. पाणी, अल्कोहोल, ईथर अशा प्रत्येक द्रावकात वनस्पतीतील वेगवेगळे घटक उतरतात आणि काही घटक उष्णतेने नष्ट होतात. याचे उत्तम उदाहरण आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधाचे आहे. चीनमधील संशोधक तू योयो यांना आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या अर्काचा गुण कधी येई, कधी येत नसे. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांनी मात्र ही वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून तू यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरले आणि १९७१ मध्ये त्या अर्काने उंदरांतील परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. जुन्या ग्रंथातील एक ओळ इतक्या बारकाईने वाचली गेली, हे मला फार मोलाचे वाटते.

अर्काची पहिली चाचणी मानवी तांबड्या पेशींत वाढवलेल्या फाल्सिपेरम या माणसातील सर्वांत घातक मलेरियाच्या परजीवींवर होते. तिथे परजीवी मेले, तरी तोच अर्क निरोगी पेशींनाही मारत नाही ना, हे तपासावेच लागते, कारण सर्वच पेशींना मारणारे विषही या चाचणीत गुणकारी दिसते. पुढे, फाल्सिपेरम साध्या उंदरांत वाढत नसल्यामुळे, बर्घेई या उंदीरवर्गीय प्राण्यांतील मलेरियाच्या परजीवीची लागण झालेल्या उंदरांना चार दिवस अर्क देऊन पाचव्या दिवशी त्यांचे रक्त काचपट्टीवर तपासतात. पोटातून दिलेला अर्क रक्तात पोहोचतो का, याचा अंदाज इथे येतो. कित्येक अर्क याच टप्प्यावर गळतात. माणसांवरील चाचण्या त्यानंतरच्या.

काढ्यातील औषधी घटकाचे प्रमाण वनस्पतीची जात, जमीन आणि तोडणीचा काळ यांनुसार बदलते. मात्रा अपुरी पडली, तर ताप उतरूनही परजीवी रक्तात उरतात, शिवाय औषधाला दाद न देणारे परजीवी फोफावण्याचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आर्टेमिसियाचा चहा किंवा पाने उपचारासाठी वापरण्याचे समर्थन करत नाही. फाल्सिपेरमचा आजार चोवीस तासांतही गंभीर होऊ शकतो. तेव्हा ताप येताच रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात.