फासे, कुस्ती आणि दम : वाचकांचे प्रश्न

प्र. (निपाणी) : आमच्या रोलप्लेइंग खेळात, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळात, लाल मातीतली कुस्ती आहे. दोघेही वीस बाजूंचा फासा टाकतात, मुरलेल्या पैलवानाला +५ मिळतात. तरी नवखं पोर त्याला वरचेवर चितपट करतं. हे नशीब, की नियमच कच्चा?

उ. : नियम कच्चा. दोन फाशांच्या ४०० जोड्या होतात. +५ वाला त्यांतल्या २८० जिंकतो, १५ बरोबरीत सुटतात आणि उरलेल्या १०५ नवखा मारतो, म्हणजे सव्वीस टक्क्यांहून जास्त. वीस बाजूंच्या फाशावर १ किंवा २० पडण्याची शक्यता १० पडण्याइतकीच असते, त्यामुळे तालमीतली वर्षं वाया गेल्यासारखी दिसतात. तेच +५ लुडोच्या दोन फाशांवर द्या. बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते आणि नवख्याच्या वाट्याला जेमतेम साडेपाच टक्के उरतात. हेही मला नको वाटतं. निकाल आधीच ठरला असेल तर फासे टाकायचे कशाला?

माझा आग्रह असा, की निकाली कुस्ती एका फेकीत संपवू नका. खडाखडी (सुरुवातीला एकमेकांना अजमावणं), पकड, डाव अशा तीन फेऱ्या करा. दोन जिंकेल तो विजयी. बरोबरीत पुन्हा टाकायचं धरलं, तर वीस बाजूंच्या फाशावर +५ वाल्याची शक्यता ७३ वरून ८२ टक्क्यांवर जाते. नवख्याला आशा राहते आणि प्रत्येक फेरीला ढाक हा डाव लावायचा की घिस्सा, हे खेळाडूला बोलावं लागतं.

प्र. (खानापूर) : आमची पात्रं भर पावसात जांबोटीहून भीमगडाकडे निघतात. दर तासाला थकव्याची एक खूण, दर खुणेला वजा एक. हिशेब ठेवून सगळे कंटाळले, आणि एकदा दमलेला पुढे हरतच जातो.

उ. : थकव्याच्या बहुतेक नियमांचं दुखणं हेच. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या गाजलेल्या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४च्या नियमांत थकव्याच्या पहिल्याच पायरीला कौशल्याच्या फेकीसाठी दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो : पन्नास टक्क्यांचं काम पंचवीसवर येतं, पंचवीसचं सव्वासहावर. २०२४मध्ये त्यांनी ते सोपं केलं, दर पायरीला वजा दोन. सहावी पायरी दोन्हींकडे मृत्यूचीच. हिशेब सुटसुटीत झाला, पण उतरण तशीच राहिली.

मी उलटं करते. प्रत्येकाला सहा चिंचोके द्या, तो त्याचा दम. फासा पडल्यावर एक चिंचोका टाकून +२ घेता येतो. घाट चढताना आणि ओढा ओलांडताना एकेक जातोच. चिंचोके संपले, की मगच दोन फाशांतला लहान आकडा. पोटभर जेवणाने एक परत, रात्रीच्या झोपेने सगळे. आता थकवा ही खेळाडूची निवड होते : इथे जोर लावू, की पुढच्या चढासाठी राखू? मूठ रिकामी होताना साऱ्यांना दिसते, वहीत खुणा करायला नकोत.

कुस्तीतही हेच लावा. फेरी हरणाऱ्याचा एक चिंचोका जातो. मग नवखं पोर मुद्दाम खडाखडी लांबवून वयस्क पैलवानाला दमवू शकतं. जिंकण्याची ही वाट त्याने स्वतः शोधलेली असते, म्हणून ती मला सर्वांत आवडते.

प्र. (शहापूर, बेळगाव) : बरोबरी आली तर?

उ. : स्थिती जैसे थे, दोघांचा एकेक चिंचोका जातो, फेरी पुन्हा.

प्र. (चिकोडी) : वीस बाजूंचा फासा इथे दुकानात मिळत नाही.

उ. : पत्त्यांचा जोड घ्या. बदामचे एक्का ते दहा म्हणजे १ ते १०, इस्पिकचे ११ ते २०. ओढलेलं पान परत घालून पिसलंत तर फाशाचंच गणित. परत घातलं नाही, तर ज्याची वाईट पानं आधी निघाली त्याच्याकडे पुढे चांगली उरतात. लांबच्या सफरीसाठी मी प्रत्येकाला स्वतंत्र वीस पानं देते आणि ती रात्रीच्या मुक्कामालाच पिसू देते.