सुई लागली की जन्माची लागते का?

प्रश्न : सिस्टर, मी २७ वर्षांची, करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. पहिलंच बाळ, २८वा आठवडा चालू आहे. २५व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, साखर १६८ आली. पंधरा दिवस भात कमी केला, जेवणानंतर चालले. तरी उपाशीपोटी १०४ आणि जेवणानंतर दोन तासांनी १४०च्या पुढंच. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. सासूबाई म्हणतात, ‘सुई लागली की जन्माची लागली. त्यापेक्षा साखर सोड आणि घरचा गूळ खा.’ आमचं गुऱ्हाळ आहे. मला भीती दुसरीच. पोटात टोचताना बाळाला लागलं तर? औषध त्याच्या अंगात गेलं तर? बाटली आणून चार दिवस झाले, तशीच पडून आहे. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, म्हणून मोकळेपणानं विचारते.

उत्तर : पोरी, आधी उठून फ्रिज उघड. बाटली दारात किंवा भाजीच्या कप्प्यात असेल तर ठीक. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठली असेल तर टाकून दे, वितळवून वापरू नकोस. मग डॉक्टरांना फोन लाव आणि चार दिवस घेतलं नाही हे खरं सांग. ते रागावले तरी चालेल, पण हे चार दिवस त्यांना माहीत हवेत.

आता बाळाचं. सिरिंजची सुई असते तांदळाच्या दाण्याएवढी. कातडीखाली चरबी, तिच्याखाली स्नायू, मग गर्भाशयाची जाड भिंत, आत पाणी आणि त्या पाण्यात तुझं बाळ. सुई चरबीतच थांबते. बेंबीजवळची ताणलेली जागा सोड, कुशीकडं चिमटीत कातडी धरून टोच. तिथं हात धजत नसेल तर मांडीत घे, डॉक्टरांना फक्त तसं सांग.

हात धजत नाही म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. १९९६ साली, दुसऱ्या खेपेला, मलाही इन्सुलिन लागलं. तोवर वॉर्डात शेकडो बायकांना मी टोचलं होतं, पण स्वतःच्या पोटाशी सुई नेली आणि हात तिथंच थांबला. दहा मिनिटं पलंगावर तशीच बसून होते. शेवटी टोचलं, तर रक्त तपासताना बोटाला जेवढं दुखतं तेवढंही दुखलं नाही.

औषध बाळाच्या अंगात जातं का, हा तुझा खरा प्रश्न. वारेतून साखर पलीकडं जाते, इन्सुलिन जात नाही. हे नीट समजून घे. तुझ्या रक्तात साखर वाढली की ती बाळाकडं पोचते, आणि ती जिरवायला त्याचं एवढंसं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करत बसतं. म्हणजे तू घेतलं नाहीस तर ते काम पोटातल्या लेकराला करावं लागतं. त्या साखरेची त्याच्या अंगावर चरबी होते, खांदे भरतात, बाळंतपणात अडकण्याची भीती वाढते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण त्याचं इन्सुलिन चढलेलंच असतं, त्यामुळं पहिल्या काही तासांत त्याची साखर एकदम उतरू शकते. म्हणून जन्मल्यावर त्याच्या टाचेतून रक्त घेतील, तेव्हा घाबरू नकोस. पहिल्या तासात अंगावर पाज.

यात तुझी चूक नाही. ‘जास्त गोड खाल्लंस’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. वारेतून जी संप्रेरकं येतात ती प्रत्येकच गरोदर बाईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. काहींचं स्वादुपिंड ती तूट भरून काढतं, काहींचं कमी पडतं. वार मोठी होते तसा डोसही वाढतो, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत. डोस वाढला म्हणजे आजार बिघडला, असं समजू नकोस. उलट शेवटच्या महिन्यात साखर एकाएकी कमी राहू लागली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

उपाशीपोटी ९५च्या आत, जेवणानंतर तासाभरानं १४०च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत, एवढं साधारण गाठायचं असतं. डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. मी एकच बजावते, कारण ही चूक मी वॉर्डात पाहिलेली आहे. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर सिरिंजही ४०चीच हवी, लाल टोपीची. १००ची वापरलीस तर रेघा जुळणार नाहीत आणि डोस चुकेल. दुकानदारानं दिली म्हणून तशीच घेऊ नकोस, वाचून घे.

जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलंस की जेवण टाळायचं नाही. शुक्रवारचा अंबाबाईचा उपवास बाळंतपण होईपर्यंत राहू दे. हात थरथरले, घाम फुटला, साखर ७०च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी आणि पंधरा मिनिटांनी परत तपास. एरवी गूळ काय नि साखर काय, दोन्ही त्याच उसाच्या रसातली, रक्तात गेल्यावर फरक उरत नाही. डोहाळजेवणात सगळ्यांनी आग्रह केला तरी ताटात भाकरी, भाजी, उसळ आधी घे.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांनी जे पाहिलंय ते खोटं नाही. गरोदरपणात इन्सुलिन लागलेल्या कितीतरी बायकांना पुढं मधुमेह झालेला त्यांनी बघितला असेल, आणि दोष सुईला दिला असेल. माझंच बघ. वार पडली आणि दुसऱ्या दिवशीच माझं इन्सुलिन बंद झालं. बहुतेकींचं असंच होतं. मला वाटलं, सुटले. मग ड्यूटी, दोन पोरं, यात मी पुढची तपासणी केलीच नाही. २००७ मध्ये मधुमेह निघाला तेव्हा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम सुरू झालेला होता. तो सुईनं आणला नव्हता. शरीरानं गरोदरपणातच इशारा दिला होता आणि मी अकरा वर्षं तो ऐकला नाही. ही गोष्ट सासूबाईंना वाचून दाखव, आणि पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासायचं असतं, आणि पुढं वर्षातून एकदा. बाळाची दीड महिन्याची लस तेव्हाच असते. लसीच्या कार्डावर त्या तारखेपुढं तुझंही नाव लिहून ठेव.