नाव मोठे की विभाग चांगला?

प्रश्न : अभियांत्रिकीच्या पदवीसाठी मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. पहिले जुने असून जागतिक क्रमवारीत बरेच वर आहे. मात्र तेथे पहिले वर्ष सर्वांना समान असते आणि शाखा त्या वर्षाच्या गुणांवर ठरते. दुसऱ्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही, पण तेथे मला हवी असलेली मेकॅनिकल शाखा पहिल्या दिवसापासून मिळते आणि मधले एक वर्ष उद्योगात काम करावे लागते. घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे. आठवडाभरात निर्णय कळवायचा आहे. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन्ही विद्यापीठांविषयी माहिती आहे, पण त्यांच्या मेकॅनिकल विभागांविषयी एक ओळही नाही, आणि माझ्या मते हा निर्णय तेथेच व्हायला हवा.

क्रमवारीचा दबदबा मोठा असतो, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के भार प्राध्यापकांकडून मागवलेल्या मतांना, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आणि २० टक्के संशोधन-निबंधांचे इतरांनी घेतलेल्या संदर्भांना आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाला १० टक्के दिलेले आहेत, परंतु दुसऱ्या वर्षाच्या वर्गात थर्मोडायनॅमिक्स कसे शिकवले जाते, हे त्यात कोठेही मोजलेले नाही. संशोधनाकडे वळायचे असेल तर हे आकडे कामाचे आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला ते फार थोडे सांगतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान्यता. अभियांत्रिकीच्या पदव्या एकमेकांच्या देशांत ग्राह्य धरल्या जाव्यात म्हणून १९८९ मध्ये सहा देशांतील संस्थांनी वॉशिंग्टन करार केला आणि पुढे त्यात इतर देशांची भर पडली. या करारात विचार होतो तो एकेका अभ्यासक्रमाचा, संपूर्ण विद्यापीठाचा नव्हे. त्यामुळे एकाच विद्यापीठाचा सिव्हिलचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे आणि मेकॅनिकलचा नाही, असे घडू शकते. दोन्ही ठिकाणच्या तुमच्या अभ्यासक्रमाचे नाव संबंधित देशाच्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा; माहितीपत्रकातील वाक्यावर विसंबू नका.

शक्य असल्यास प्रयोगशाळा चालू असताना पाहून या. एका ऑसिलोस्कोपभोवती (विद्युत संकेतांचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाभोवती) आठ विद्यार्थी उभे आहेत, एकजण बटणे फिरवतो आहे आणि उरलेले सात जण त्याच्या वहीतील आकडे आपल्या वहीत उतरवून घेत आहेत, असे दृश्य नावाजलेल्या ठिकाणीही दिसते. त्या सात जणांनी प्रयोग केलेला नसतो. जाणे जमत नसेल तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला दूरध्वनी करून एका यंत्रावर किती जण काम करतात आणि लेथवर तो स्वतः शेवटचा कधी उभा राहिला होता, एवढे दोनच प्रश्न विचारा.

उद्योगातील वर्षाची कल्पना जुनी आणि कसाला उतरलेली आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्गातील शिक्षण आणि कारखान्यातील काम आळीपाळीने देण्याची पद्धत सुरू केली, ती प्रत्यक्ष कामाच्या याच गरजेतून. तथापि काम विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे असते, आणि ते न मिळाल्यास पदवी लांबते का, हे आजच विचारून घ्या. या दोन उत्तरांवर त्या वर्षाची खरी किंमत ठरते.

आता शाखेचे पाहू, कारण तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती याचीच. पहिल्या विद्यापीठात तुम्ही जाणार आहात ते मेकॅनिकलसाठी, पण ती मिळेल याची हमी नाही. पहिल्या वर्षी थोडे गुण घसरले आणि वेगळी शाखा पदरी पडली, तर ती मनापासून शिकणार का? याचे उत्तर नाही असे असेल, तर दुसऱ्याचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे हे तपासून तेथेच प्रवेश घ्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. घरच्यांनाही हाच मुद्दा समजावून सांगा; त्यांचा आग्रह तुमच्या भल्यासाठीच आहे आणि शाखेची अनिश्चितता बहुधा त्यांच्या लक्षात आलेली नसावी.

पहिल्या विद्यापीठाकडून गेल्या तीन वर्षांत मेकॅनिकल शाखा कोणत्या गुणांपर्यंत मिळाली, याचे आकडे मात्र लेखी मागवा. मागणी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती मिळत असल्याचे त्यातून दिसले आणि तेथील प्रयोगशाळाही चांगल्या निघाल्या, तर माझा सल्ला बदलेल.