वाचक विचारतात: जुनी माउंटन बाइक रोडसाठी कशी बनवायची?

प्रश्न: माझ्याकडे जुनी २६ इंची माउंटन बाइक बाल्कनीत पडून आहे, पुढे शॉकअप, ३×७ गिअर. आता चेंबूर ते परळ ऑफिसला सायकलनेच जायचंय पण ती चालवताना दम निघतो. नवीन रोड बाइकचं बजेट नाही. शॉकअप काढून ओळखीच्या वेल्डरकडून साधा पाइपचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बनवून घेऊ का? नाहीतर आतली स्प्रिंग काढून पीव्हीसी पाइप टाकू? आणि रेसिंगवालं वाकडं हँडल पण लावायचंय.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर: चिमटा वेल्डरकडून नको, प्लीज. कॅरिअर तुटलं तर माणूस थांबून उतरतो, चिमटा तुटला तर थेट तोंडावर पडतो आणि मागे बेस्टची बस असते. तुमचा वेल्डर ग्रिल-गेटमध्ये एक नंबर असेल, पण पुढचा ब्रेक दाबला की सगळा जोर चिमट्याच्या मानेत (हँडलकडे जाणाऱ्या नळीत) येतो आणि तिथला जोड आतून तडकत गेला तर बाहेरून काही कळत पण नाही. पीव्हीसी पाइपचं तेच, तो आत फुटला की पुढचा भाग एकदम खाली बसणार. शॉकअपच्या डोक्यावर फिरवायची नॉब असेल तर ती पूर्ण टाइट करा, डुलणं थोडं कमी होतं, तेवढ्यावर काही महिने आरामात निघतात.

आधी टायर बदला. माझ्या मते पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते इथेच, कारण ती घर्रर्र आवाज करणारी गुठळ्यांची टायर डांबरावर प्रत्येक फेऱ्याला दबतात-उठतात आणि तुमची ताकद त्यातच जाते. गुळगुळीत २६ × १.५ घ्या, वजन सत्तरच्या आसपास असेल तर ५० ते ६० पीएसआय हवा (टायरच्या बाजूला लिहिलेल्या मर्यादेच्या आतच). याहून बारीक नको, आपल्याकडे पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटाराच्या जाळ्या आहेत. आणि दुकानात नीट बघा हां, २६ × १.५ आणि २६ × १½ ही दोन वेगळी मापं आहेत! दुसरं साध्या काळ्या सायकलचं असतं, तुमच्या रिमवर बसणारच नाही. टायरवर ५५९ आकडा हवा, म्हणजे झालं.

मग पुढे कधी शॉकअप काढावासाच वाटला तर तयार स्टीलचा चिमटा घ्या, त्याला व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट हवेत, मानेची जाडी आणि लांबी जुन्यासारखी हवी आणि एक्सलपासून वरच्या खांद्यापर्यंतची उंची साधारण तेवढीच हवी जेवढी तुम्ही बसल्यावर शॉकअप दबून उरते. चिमटा दोन सेंटिमीटरने आखूड आला तरी पुढचा कोन जवळपास एका डिग्रीने बदलतो, हँडल चंचल होतं आणि पेडल जमिनीजवळ येतं.

वाकड्या हँडलचा नाद सोडा असंच सांगेन. तुमच्या सरळ हँडलची नळी २२.२ मिमी, वाकड्याची २३.८, म्हणजे आत्ताचे ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर दोन्ही बाद. नवीन रोडचे लिव्हर घेतले तर ते केबल कमी ओढतात, व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते, म्हणजे ब्रेक पण बदला... खर्च कुठल्या कुठे जातो. त्यापेक्षा आहे तेच हँडल हॅक्सॉने दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापा (आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकतात ना ते बघून), टोकं घासा, बूच लावा, दादर टीटीच्या गर्दीत फरक लगेच कळतो. ईस्टर्न फ्रीवेवर तर सायकलला बंदीच, त्यामुळे तुम्हाला सायन, किंग्ज सर्कल असं खालूनच जायचंय.

गिअरला हात लावू नका. पुढे ४२ दातांची चकती, मागे १४, मिनिटाला ८० फेरे मारले तरी ताशी २९-३० किमी होतात. शहरात अजून किती हवं?

प्रश्न: मी पण अशीच सायकल बनवतेय. पावसात गुळगुळीत टायर घसरणार नाही का? आणि मडगार्ड घरी बनवता येईल?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर: डांबरावर नाही घसरत. कारसारखं पाण्यावर तरंगणं सायकलच्या अरुंद टायरला आपल्या वेगात होत नाही, उलट गुळगुळीत रबर रस्त्याला जास्त टेकतं. झेब्रा क्रॉसिंगचा पेंट आणि लोखंडी झाकणं मात्र कुठल्याही टायरला घसरवतात, त्यावर ब्रेक नाही, वळण नाही. माझी खरी काळजी तुमच्या रिमची आहे. फ्रिजचं मॅग्नेट लावून बघा, चिकटलं तर रिम स्टीलची, आणि ओल्या स्टीलवर रबरी ब्रेक फारच उशिरा धरतो. निदान पुढची तरी ॲल्युमिनियमची करून घ्या, पावसाच्या आधीच.

मडगार्ड तर घरीच बनवा, मजा येते. वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन उभा कापून आठ सेंटिमीटर रुंद पट्टी काढा, दोन्ही कडांपासून दीड-दीड सेंटिमीटरवर गरम खिळ्याने हलकी रेघ ओढा, कडा खाली वळतात आणि पट्टी कडक होते. आधारासाठी जाड ॲल्युमिनियमची तार, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज न सुटणारे) आणि वॉशर, नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. टायर आणि पट्टीत एक सेंटिमीटर तरी जागा ठेवा, आणि पुढच्या चाकाची तार हाताने जोरात ओढून बघा, ती सुटून चाकात गेली तर चाक जागच्या जागी अडकतं. मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा लोंबता लावा, बूट कोरडे राहतात आणि चेनवर चिखल कमी उडतो. फार सुबक नाही दिसणार, पण चार महिने टिकतं, आणि पुढच्या वर्षी नवीन कॅन मिळतोच.