चार टेंडरं पाठवलीस, त्यातलं एक भर

सोलापूर

चिरंजीव लेकीस, अनेक आशीर्वाद.

आपल्या चादरी-टॉवेलच्या मागांसाठी तू पाठवलेली चारही सरकारी टेंडरं शेवटच्या पानापर्यंत वाचली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंयस, "काका, चारही भरूया, एखादं तरी लागेल." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय. त्यातल्या काहींच्या शेडवर आता दुसऱ्यांच्या पाट्या आहेत. टेंडर लागलं नाही तर तुझे दोन-चार दिवस जातात. नको ते लागलं तर कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा संपते, सूतवाल्याकडची पत जाते आणि नेहमीच्या गिऱ्हाईकाचा माल मागावर चढत नाही. म्हणून आधी विचार कर, हे लागलं तर आपण निभावू का?

रुग्णालयाचं टेंडर आधी घेतो, कारण तुझा जीव त्याच्यावर आहे. वीस लाखांच्या चादरी आणि टॉवेल, माल गावातच द्यायचा, आपल्या मागांवर सहज निघणारा. तू सहा टक्के नफा धरलायस, म्हणजे १ लाख २० हजार. आता माझा हिशेब बघ. सूत रोखीनं, नाहीतर फार तर महिन्याच्या उधारीवर. कामगारांचा पगार आठवड्याला. पाच टक्के सुरक्षा ठेव म्हणजे लाख रुपये करारालाच अडकले. बिल दिलंस की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, रुग्णालयानं पैसे दिलेले असोत वा नसोत. सूत घेताना भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटनं तो कमी होतो, पण सगळा फिटत नाही. पैसे येतील तेव्हा दोन टक्के जीएसटीचा टीडीएस कापून येतील, म्हणजे ४० हजार. ते जीएसटी पोर्टलवरच्या तुझ्या कॅश लेजरला जमा होतात, बुडत नाहीत, पण पगाराच्या दिवशी कामाला येत नाहीत. सगळं मिळून सतरा लाखांच्या आसपास पैसा बाहेर राहतो. बँकेचं व्याज अकरा टक्के धर आणि पैसे सहा महिन्यांनी आले असं धर. व्याजच ९३ हजार ५०० होतं. उरले २६ हजार ५००. माल दोन आठवडे उशिरा गेला, तर आठवड्याला अर्धा टक्का या दरानं २० हजार दंड. राहिले साडेसहा हजार, आणि टेम्पोचं भाडं अजून धरलेलंच नाही.

सहा महिने कुठून आणले म्हणशील. अटी-शर्तींच्या शेवटी एक ओळ आहे, तू तिथपर्यंत पोचली नसावीस: "देयक निधी उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल." ही ओळ दिसली की मी पेन खाली ठेवतो. तिचा अर्थ एवढाच, की माल आज घेणार आणि पैसे अनुदान येईल तेव्हा देणार. त्यात पुरवठा आदेश फेब्रुवारी-मार्चच्या तोंडावर निघाला तर अजून अवघड. ३१ मार्चच्या आत बिल कोषागारातून पास झालं नाही, तर ते अनुदान हातचं जातं आणि तू नव्या वर्षाच्या तरतुदीची वाट बघत बसतेस. तेव्हा अशा टेंडरच्या आधी लेखा शाखेत जाऊन सरळ विचार: पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटच्या कोणत्या खात्यातून, येणार, तरतूद झालीय का, गेल्या वेळच्या पुरवठादाराला पैसे कधी मिळाले. तिथं कुणी बोललं नाही तर त्या जुन्या पुरवठादाराला गाठ. काम मोठं असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. बिल सादर केल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख, एवढंच मागायचं. वीस लाखांसाठी मी ते करणार नाही. ज्यांच्या दारात उद्या माल घेऊन जायचंय त्यांच्याकडे आज माहिती अधिकाराचा अर्ज, हे जमत नाही आपल्याकडे.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, हे खरं. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, प्रकरण असे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जातं, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर याहून चांगलं संरक्षण मागताही येणार नाही. पण जिथं पुन्हा माल द्यायचा आहे तिथं हे हत्यार उपसायला कुणी धजत नाही. त्या व्याजावर भरवसा ठेवून दर काढू नकोस.

आश्रमशाळांच्या ब्लँकेटचं टेंडर मी बाजूला काढलं. ब्लँकेट आपण विणत नाही. पानिपतहून आणून देऊ, असं तुझ्या मनात आहे. २०१२ च्या केंद्राच्या खरेदी धोरणात लहान उद्योगांना बयाणा रक्कम, म्हणजे टेंडरसोबत भरायची ठेव, माफ आहे आणि टेंडर फॉर्म फुकट आहे, पण त्या सवलती स्वतः माल बनवणाऱ्यांना. दुसऱ्याचा माल विकणारा उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करू शकतो, त्याला बँकेच्या प्राधान्य कर्जाचा फायदा मिळतो, तेवढ्यावर थांबतं. शिवाय आश्रमशाळा राज्याच्या. तू चारही ठिकाणी उद्यमचं प्रमाणपत्र जोडून बयाणा माफ धरलायस. हे धोरण केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्यांसाठी आहे. महापालिका, जिल्हा परिषद, राज्याची कार्यालयं आपापल्या खरेदी नियमांनी चालतात. तिथं टेंडरमध्ये माफी लिहिलेली असेल तरच माफी. नसेल आणि बयाणा भरला नाहीस, तर दर उघडायच्या आधी, तांत्रिक लिफाफ्यातच बाद.

जेमवरचं, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरचं, निमलष्करी दलाचं टेंडर आकड्यानं डोळे दिपवणारं आहे. पण खाली माल घेणाऱ्यांची यादी उघडलीस का? ईशान्येपासून गुजरातपर्यंत पत्ते आहेत. जेमवरचा दर पोचवून देण्याचा असतो, भाडं तुझ्या बोकांडी. प्रत्येक ठिकाणचा माल तपासून तिथला माणूस स्वीकृतीचं प्रमाणपत्र काढतो, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे असा जेमचा नियम. नियम चांगला आहे. पण एखाद्या पत्त्यावरचा साहेब रजेवर गेला की प्रमाणपत्र अडकलं, आणि तू सोलापुरात बसून फोन लावत राहणार. एका पत्त्याचा माल असेल तर जेमसारखं सोपं काही नाही. चाळीस पत्ते असतील तर ते काम दिल्लीत माणूस ठेवू शकणाऱ्यांचं.

त्याच टेंडरमध्ये आणखी एक गोष्ट खटकली. टॉवेलचं वजन, लूपची उंची, काठाची रुंदी, सगळं अगदी नेमकं दिलंय. थोडं कमी-जास्त चालेल असं कुठंच नाही. अनुभवाची अटही तोच माल त्याच दलाला दिल्याची. केंद्राच्या नियमात टेंडर भरायला साधारण किमान तीन आठवडे द्यावेत असं आहे, इथं त्याच्या निम्मेही नाहीत. काही टेंडरं कुणाच्या तरी मापानं शिवलेली असतात. दरवेळी संशय घ्यायचा नाही, कधी कधी बाबू जुनी फाईल जशीच्या तशी उतरवतो. पण बोली भरायच्या आधीच्या प्री-बिड बैठकीला लेखी प्रश्न टाक: वजनात पाच टक्के फरक चालेल का? शुद्धिपत्रक निघालं तर समज, दार उघडं आहे. उत्तरच आलं नाही तर तू फक्त बोल्यांचा आकडा भरायला तिसरी बोली म्हणून मोजली जाणार.

आता चौथं, जे तू यादीत सगळ्यात खाली टाकलंस. केंद्राच्या कंपनीच्या गेस्ट हाउसचे टॉवेल आणि नॅपकिन, जेमतेम सहा लाख, एकच पत्ता, तोही आपल्याच जिल्ह्यात. पैसे माल स्वीकारल्यापासून तीस दिवसांत, "निधी उपलब्धतेनुसार" कुठं नाही. नमुना आधी मागितलाय, म्हणजे नंतर माल नाकारायला कमी जागा. केंद्राची कंपनी असल्यानं बयाणा माफ. आणि सर्वात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा निघाला आणि तुझा दर त्याच्यापेक्षा पंधरा टक्क्यांच्या आत असला, तर त्या दराला उतरून वाटा घ्यायची संधी तुला मिळते. अर्थात टॉवेलमध्ये ही सवलत फारशी कामाची नाही. सर्वात कमी दर टाकणाराही बहुतेक आपल्याच अशोक चौकातला लहान कारखानदार असतो. मालकी तुझ्या नावावर आहे ते बरं आहे. त्या धोरणात महिला उद्योजकांसाठी तीन टक्के वेगळे ठेवलेत, पण भागीदारीत तुझा वाटा ५१ टक्क्यांच्या खाली गेला की ते संपतं. भावाला भागीदार घेताना हे विसरू नकोस.

दर काढताना सुताचा आजचा भाव धरू नकोस. बोलीची वैधता १२० दिवस आणि पुरवठ्याची मुदत दोन महिने, म्हणजे जवळपास सहा महिने एकच दर तुझ्या गळ्यात. भाववाढीचं कलम अशा छोट्या खरेदीत नसतं. मुदत जानेवारीच्या मध्यावर संपत असेल तर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस हिशेबात धर, तेव्हा माग निम्मेच चालतात. मागच्या खरेदीचा निकाल पोर्टलवर उघडून बघ, कोण किती दरानं आलं होतं ते कळतं. कुणी सुताच्या भावाच्याही खाली गेला असेल तर त्याला जाऊ दे. तो माल कसा देतो ते बघायला मजा येते.

तू गणवेशाचंही विचारलं होतंस, मशिनं घ्यावीत का म्हणून. घाई करू नकोस. राज्यानं २०२४-२५ ला कापड एकत्र घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचं ठरवलं. एका वर्षात दोनदा दिशा बदलणाऱ्या गिऱ्हाईकासाठी बँकेचं कर्ज काढायचं नाही. शिवून देणारे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात भरपूर आहेत, शाळांच्या ऑर्डरी आल्याच तर त्यांच्याकडून शिवून घे.

यापुढे रोज सगळी पोर्टलं चाळणं बंद कर. दोन-तीन कार्यालयं निवड, वेळेवर पैसे देणारी, एका पत्त्यावर माल घेणारी. त्यांची खरेदी वर्षातून कधी निघते, तपासणीला कोण येतो, कापडाचा कोणता दोष त्यांना चालत नाही, एवढं वर्षभर लिहून ठेव. तेवढ्या माहितीवर तू पाच मिनिटांत हो किंवा नाही म्हणू शकशील.

गेस्ट हाउसचं टेंडर गुरुवारी दुपारी तीनला बंद होतंय, बुधवारीच अपलोड कर. शेवटच्या तासाला साइट रडते. डिजिटल सहीची मुदत आजच तपास, संपली असेल तर नवी मिळायला वेळ लागतो. दराचा तक्ता मला आधी पाठव. आणि नवी पेठेतल्या त्या टेंडर भरून देणाऱ्याकडे तुझं डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन पासवर्डसकट पडून असतं असं कानावर आलंय. ते आजच परत आण. त्याच्याकडून भरून घ्यायचं तर समोर बसून भरून घे आणि टोकन काढून घरी ने.

तुझा,
काका